तीन चेहऱ्यांचा चित्रकार

1986 साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने 'नागराज' नावाचे एक पुस्तक बाजारात आणले. हिरव्या अंगाचा, पिळदार बांध्याचा तरुण आणि त्याच्या मनगटातून सुटणारे साप. कल्पना प्रकाशक राजकुमार गुप्ता यांची, कथा परशुराम शर्मा यांची. भाषा हिंदी, छपाई दिल्लीची, आणि चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीकांची. उत्तर भारतात आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कोणालाही विचारा, नागराज त्याच्या बालपणाचा भाग असतो. तो पहिल्यांदा कागदावर उतरवणारा माणूस मराठी होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडेही ते फारसे कोणी सांगत नाही.

हा लेख त्या माणसाच्या कामाविषयी आहे. मुळीकांनी तीन वेगवेगळ्या काळांत या देशातल्या मुलांना तीन चेहरे दिले: अमर चित्र कथेतला राम, 'सुप्रीमो'तला अमिताभ बच्चन आणि नागराज. देव, नट आणि कल्पनेतला वीर. एकाच चित्रकाराने हे तिन्ही इतक्या ताकदीने उभे केल्याचे दुसरे उदाहरण भारतीय कॉमिक्समध्ये मला दिसत नाही.

हिंगोलीसारख्या गावातून हे लिहिताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. मराठवाड्यातल्या मुलाला हिंदी वाचण्यासाठी वेगळी शिकवणी लागत नाही. निजामाच्या राज्यातली शे-दोनशे वर्षे, दख्खनी बोली, आठवडी बाजारातली सरमिसळ भाषा, शिवाय हिंदी सिनेमा. इथला पोरगा घरात मराठी आणि चौकात हिंदी बोलतच मोठा होतो. त्यामुळे राज कॉमिक्सची पुस्तके इथे सहज रुजली. पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग तेव्हा मीटर गेजचा होता, तो 2008 मध्ये रुंद झाला. तोवर मासिके आणि पुस्तकांचे गठ्ठे यायचे ते मुख्यतः नांदेड-परभणीकडून, एसटीने. स्टँडाजवळच्या टपरीवर दोरीला चिमट्याने लटकवलेली पुस्तके, विकत घ्यायची ऐपत नसेल तर दिवसाच्या भाड्याने, आणि कोपरा दुमडला तर मालकाची बोलणी. त्या काळात तालुक्याच्या गावात वाढलेल्या माझ्या पिढीला हे चित्र अनोळखी नाही.

नागराजची मूळ कथा वाचताना इथल्या मुलाला एक नाव तर थेट घरचे वाटले असणार. प्रोफेसर नागमणी नावाच्या शास्त्रज्ञाने नागराजला तयार केले, ते दहशतवाद्यांच्या टोळ्यांना हत्यार म्हणून भाड्याने द्यायला. त्याच्या मेंदूत बसवलेल्या कुपीमुळे तो नागमणीचा गुलाम असतो. त्याला या गुलामीतून सोडवतात ते बाबा गोरखनाथ. त्यांच्यासोबत शिकांगी नावाचे मुंगूस. गोरखनाथ त्याचे मन वाचतात, कुपी काढून टाकतात आणि तिथून नागराज गुन्हेगारांविरुद्ध उभा राहतो. श्रावणात 'नवनाथ भक्तिसार'ची पोथी लावणाऱ्या घरातल्या मुलाला गोरखनाथ कोण हे सांगावे लागत नाही. हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले ते याच देवळात, अशी परंपरा आहे, आणि नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा इथे लहान पोरसुद्धा सांगते. नाग आणि नाथ ही दोन्ही नावे ज्या मातीत देवळाच्या नावातच जोडलेली आहेत, तिथे सापांच्या अंगाचा आणि नाथाच्या कृपेचा वीर परका कसा वाटेल? परशुराम शर्मांनी किंवा मुळीकांनी औंढ्याचा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. गोरखनाथाची ओळख गोरखपूरपासून मराठवाड्यापर्यंत सगळीकडे होती, आणि राज कॉमिक्सने ती नेमकी हेरली होती.

आता चित्रकाराकडे वळू. मुळीकांचे नाव घरोघरी पोचले ते अमर चित्र कथेमुळे, म्हणून आधी त्या मालिकेचे थोडे सांगतो. 1964 च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमनने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिली कितीतरी पुस्तके फक्त फँटमची, म्हणजे आपल्या वेताळाची. अनंत पै तेव्हा त्या कंपनीत होते. फेब्रुवारी 1967 मध्ये दिल्लीत एका दुकानातल्या टीव्हीवर त्यांनी दूरदर्शनची प्रश्नमंजूषा पाहिली. मुलांना ग्रीक देवांची नावे येत होती आणि रामाच्या आईचे नाव सांगता येत नव्हते. ही हकीकत पैंनी पुढे अनेकदा सांगितली. इंडिया बुक हाउसने त्यांना संधी दिली. मालिकेची पहिली दहा पुस्तके सिंड्रेला, स्नो व्हाइट अशा परक्या परीकथांची होती. अकरावे 'कृष्ण', आणि अमर चित्र कथा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. 'कृष्ण'ची चित्रे राम वाईरकरांची. त्यानंतर थोड्याच काळात 'राम' आले, ते प्रताप मुळीकांच्या चित्रांचे. या मालिकेच्या पायाचे दोन दगड असे दोन मराठी हातांनी बसवले.

कृष्ण कसा दिसतो, राम कसा दिसतो, हा प्रश्न त्या वेळी सोपा नव्हता. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी देवांना एक रूप दिले होते. कॅलेंडरांनी ते आणखी गोड केले होते, पौराणिक चित्रपटांनी त्याला मुकुट आणि दागिने चढवले होते. पण या सगळ्यांतला देव स्थिर. कॅलेंडरवरचा राम उभा राहतो, आशीर्वाद देतो, आपण त्याला हात जोडतो. चित्रकथेतल्या रामाला बत्तीस पाने चालावे लागते. तो लहान असतो, मोठा होतो, रागावतो, रडतो, धावतो, बाण लावतो, आणि पाठमोरा दिसला तरी तो रामच आहे हे सात वर्षांच्या मुलाला कळावे लागते. एकच चेहरा वेगवेगळ्या कोनांतून शंभरेक वेळा काढायचा आणि तो प्रत्येक वेळी त्याच माणसाचा राहिला पाहिजे. ज्यांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना यातली अडचण लगेच कळेल. मेमरी ड्रॉइंगच्या पेपरात आपण एकदा एक बाजाराचे दृश्य काढतो आणि त्यातली माणसे पाठ केलेल्या दोन-तीन साच्यांतली असतात. चित्रकथेत साचा पहिल्या दोन पानांत संपतो.

धनुष्य मोडण्याचा प्रसंग घ्या. रामकथेतला सर्वांत जास्त चितारलेला प्रसंग हाच असेल. चित्रकाराने धनुष्य उचलण्याआधीचा क्षण पकडावा, मोडतानाचा की मोडल्यानंतरचा? एकच चित्र असेल तर मोडतानाचा क्षण घ्यावा लागतो आणि मग सगळे अंग ताणलेले दाखवावे लागते. चार चौकटी असतील तर पहिल्या तीन चौकटींत ताण साठवता येतो: सभेतले चेहरे, हाताची पकड, वाकलेली कमान. चौथीत तो सुटतो. मुळीकांची ताकद या साठवण्यात होती. त्यांची माणसे हालचाल करण्याच्या बेतात असतात. खांदा एका बाजूला वळलेला, कंबर दुसरीकडे, वजन एका पायावर. हे शरीरशास्त्र पुस्तकातून पाठ करून येत नाही. त्यासाठी माणसे बघत बसावे लागते.

ते बघत बसण्याचे पुस्तकही मुळीकांनी लिहून ठेवले आहे. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने त्यांचे 'स्केचिंग' काढले, आणि अप्पा बळवंत चौकात कलेच्या पुस्तकांच्या मांडणीवर ते अनेकदा हाताला लागते. मराठवाड्यातल्या खेड्यातल्या मुलाला चित्रकलेची शाळा जवळ नसते, शिक्षक असला तर त्याच्याकडे तीनशे मुले असतात. अशा मुलाला पुस्तकाच्या दुकानातून किंवा पोस्टाने मिळणारा शिक्षक म्हणजे ज्योत्स्नाची पुस्तके. हातात एक पेन आणि समोर बसलेला माणूस, एवढ्यावर चित्रकला सुरू होते हे ज्याने आयुष्यभर पानेच्या पाने भरली त्याच्याकडून शिकण्यात अर्थ आहे. त्यांचे चिरंजीव मिलिंद मुळीक आज जलरंगांसाठी देशाबाहेरही ओळखले जातात. ते इंजिनिअरिंग शिकून चित्रांकडे आले, आणि त्यांची जलरंगांवरची पुस्तकेही ज्योत्स्नाचीच. आज नव्या पिढीत मुलाचे नाव वडिलांपेक्षा जास्त माहीत आहे. ते साहजिक आहे. जलरंगाच्या निसर्गचित्रावर चित्रकाराची सही ठळक असते. कॉमिक्सच्या पानावर वाचक सही शोधत नाही, तो गोष्ट वाचतो.

पानाची घडण थोडी जवळून पाहू, म्हणजे हे नाव का हरवते तेही लक्षात येईल. आधी लेखकाची संहिता: कोणत्या चौकटीत काय घडते आणि कोण काय बोलते. चित्रकार पेन्सिलने पान रचतो. संपादक ते पाहतो, बदल सांगतो. अमर चित्र कथेत तर पोशाख, शस्त्रे, रथ, वाड्याचे खांब यांवरही चर्चा व्हायची. मग शाई: ब्रशने किंवा टाकाने. त्यानंतर फुग्यांतली अक्षरे, तीही हाताने. शेवटी रंग, आणि ते अनेकदा दुसऱ्याच माणसाचे. सुरुवातीच्या अमर चित्र कथा मोजक्याच रंगांत छापल्या जात, पूर्ण रंग नंतर आले. स्वस्त कागद, घाईची छपाई, चार रंगांच्या चार प्लेटा. एखादी प्लेट केसभर सरकली की ओठांचा लाल रंग गालावर जायचा आणि आकाशाचा निळा झाडात घुसायचा. अशा वेळी चित्र टिकून राहते ते काळ्या रेषेच्या जोरावर. खालचा रंग कुठेही गेला तरी चेहरा चेहराच राहावा, इतकी ती रेषा ठाम हवी. मुळीकांच्या ब्रशची रेषा तशी आहे. दंडाच्या फुगवट्यावर ती जाड होते, मनगटाशी बारीक होते, आणि मधे कुठे चाचपडत नाही. जुने पिवळे पडलेले अंक उघडले की रंग उतरलेले दिसतात, रेषा मात्र तशीच करकरीत.

पण या साखळीत चित्रकार एक कडी होऊन बसतो. वर लेखक, संपादक, प्रकाशक, खाली रंगारी, छापखाना, विक्रेता. पानामागे ठरलेला मोबदला आणि चित्राचे हक्क प्रकाशकाकडे, ही त्या काळातली सर्वसाधारण रीत होती. पुस्तकावर मोठे नाव मालिकेचे असे.

दुसरा चेहरा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचा. जुलै 1982 मध्ये बंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चनला जीवघेणी दुखापत झाली आणि गावोगावच्या देवळांत, दर्ग्यांत लोकांनी त्याच्यासाठी नवस बोलले. त्यानंतर 1983 मध्ये इंडिया बुक हाउसने स्टार कॉमिक्स या नावाने 'सुप्रीमो' आणले. नायक स्वतः अमिताभ: चित्रीकरण संपले की तो गॉगल चढवून, वेगळा पोशाख घालून संकटात सापडलेल्यांना वाचवायला निघतो. सोबत विजय आणि अँथनी अशी त्याच्याच भूमिकांवरून नावे घेतलेली पोरे आणि शाहीन नावाचा बहिरी ससाणा. संपादन पम्मी बक्षी यांचे, संहिता सुधा चोप्रांची, गुलजार सल्लागार, आणि चित्रे प्रताप मुळीकांची.

मला हे काम मुळीकांच्या कारकिर्दीतले सर्वांत अवघड वाटते. रामाचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे चित्रकार तो ठरवू शकत होता. अमिताभचा चेहरा देशातल्या प्रत्येक भिंतीवर होता. एक रेष चुकली तर शेंबडे पोरही म्हणणार की हा अमिताभ नाही. शिवाय नुसता चेहरा सारखा येऊन भागत नाही. फोटोवरून उतरवलेला चेहरा कॉमिक्सच्या पानात चिकटवल्यासारखा दिसतो, बाकीच्या चित्राशी त्याचे जमत नाही. मुळीकांनी चेहऱ्याआधी अंगकाठी पकडली. लांब पाय, किंचित वाकलेले खांदे, चालण्यातला सैलपणा. ते जमले की नाक-डोळे थोडे इकडेतिकडे झाले तरी माणूस तोच वाटतो. मालिका फार काळ चालली नाही. जिवंत नटाला कॉमिक्सचा नायक करण्यातले धोके आणि मर्यादा लवकरच उघड झाल्या असाव्यात. आज ते अंक संग्राहक शोधत फिरतात.

आणि मग नागराज. इथे ओळखीचा कोणताच आधार नव्हता. इच्छाधारी नागाची कल्पना आपल्या लोककथांत आणि हिंदी चित्रपटांत होती, परदेशी कोळी-मानवाची ओळख वाचकांना होऊ लागली होती. या दोन्हींच्या मधून एक नवे अंग घडवायचे होते. नागराजच्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म साप आहेत, ते मनगटातून बाहेर येतात, त्यांचा दोर होतो, हत्यार होते. त्याच्या फुंकरीत विष आहे. हे सगळे शब्दांत लिहिणे एका ओळीचे काम. चित्रात मात्र प्रत्येक साप वळला पाहिजे, त्याला वजन असले पाहिजे, आणि मनगटातून बाहेर पडताना वाचकाच्या अंगावर थोडा काटा आला पाहिजे. साप असलेल्या प्रदेशात वाढलेल्या मुलाला खोटा साप लगेच कळतो. सोयाबीन-कापसाच्या शेतात पाय टाकताना काठी आपटत चालणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना त्या सापांत खोट दिसली नाही, यातच चित्रकाराचे निरीक्षण आले.

मुळीकांनी 1995 च्या सुमारापर्यंत, साधारण पन्नासेक अंक, नागराज काढला. चंदू हे नाव त्यांच्या नावासोबत अनेक अंकांत दिसते. राज कॉमिक्सच्या श्रेयनामावलीत संजय अष्टपुत्रे, विठ्ठल कांबळे अशी मराठी नावे पुढे येत राहतात. दिल्लीच्या हिंदी प्रकाशनाची चित्रे बऱ्याच अंशी मराठी हातांची होती. पुण्या-मुंबईत अमर चित्र कथेमुळे चित्रकथा काढू शकणाऱ्यांची एक फळी तयार झाली होती, तिला हिंदी बाजाराने काम दिले. मराठीत अशी मालिका का उभी राहिली नाही, हा प्रश्न मला छळतो. आपल्याकडे 'चांदोबा' वाचला जात होता, 1971 पासून बालभारतीचे 'किशोर' होते, वेताळ मराठीत बोलत होता. दिवाळी अंकांत व्यंगचित्रांना मानाचे पान होते. पण लांब चालणारी, दर महिन्याला येणारी, स्वतःचा वीर असलेली मराठी चित्रकथा जगली नाही. लेखक होते, चित्रकार होते हे तर दिसतेच. पैसे घालणारा आणि गावोगाव पुस्तक पोचवणारा प्रकाशक मिळाला नाही, असे माझे मत आहे.

मुळीकांच्या नागराजमध्ये कमतरता नव्हत्या असे नाही. घाईच्या महिन्यांत पार्श्वभूमी रिकामी राहते, खलनायकांचे अड्डे एकमेकांसारखे दिसतात, परदेशातली शहरे ओळखू येत नाहीत. स्त्री-पात्रांना चेहरा फारसा मिळत नाही. त्यानंतर अनुपम सिन्हा आले. ते स्वतः लिहीत आणि स्वतः काढत, सुपर कमांडो ध्रुव त्यांचाच. त्यांच्या पानात यंत्रे, इमारती, तपशील खच्चून भरलेले. नागराजच्या चाहत्यांमध्ये कोणाचा नागराज खरा यावर आजही वाद होतात. माझा कौल मुळीकांच्या बाजूने. सिन्हांचा नागराज जास्त चमकदार आहे, मुळीकांच्या नागराजला हाडे आहेत.

1950 नंतर ब्रिटनमध्ये काय चालले होते ते पाहिले की आपल्याकडचे चित्र जास्त स्पष्ट होते. तिथेही चित्रकारांची अवस्था फार काळ चांगली नव्हती. 14 एप्रिल 1950 ला 'ईगल' हे मुलांचे साप्ताहिक निघाले. त्यात फ्रँक हॅम्पसनने 'डॅन डेअर' हा अंतराळवीर काढला. त्यासाठी तो यानांचे आणि पोशाखांचे नमुने बनवायचा, सहकाऱ्यांना उभे करून फोटो घ्यायचा. 1959 मध्ये त्याच्या हातून ते पात्र गेले, कारण हक्क कंपनीचे. 1975 मध्ये इटलीतल्या लुक्का इथे त्याला मानाने गौरवले तेव्हा कुठे जगाने त्याला पुन्हा ओळखले. लिओ बॅक्सेंडेलने 'बीनो' साप्ताहिकात 1953-54 मध्ये मिनी द मिंक्स आणि बॅश स्ट्रीट किड्स ही पात्रे निर्माण केली. ती आजतागायत चालू आहेत. त्याने 1962 मध्ये ते काम सोडले आणि पुढे या पात्रांच्या हक्कांसाठी डी. सी. थॉमसन या प्रकाशकाशी सात वर्षे न्यायालयीन लढा दिला. 1987 मध्ये तडजोड झाली. त्याच्या उमेदीच्या काळात तिथल्या साप्ताहिकांत चित्रकाराचे नाव छापण्याची रीत बेताचीच होती. 1977 मध्ये 'टू थाउजंड एडी' साप्ताहिक निघाले, आणि कलाविभाग सांभाळणाऱ्या केव्हिन ओनीलने प्रत्येक कथेवर लेखक, चित्रकार, अक्षरकार यांच्या नावाची पट्टी टाकायला सुरुवात केली. साधी नावाची पट्टी, पण त्यातून पुढचे बरेच घडले.

त्याच साप्ताहिकातून ब्रायन बोलंड पुढे आला. 1951 चा जन्म, लिंकनशायरमधल्या बटरविक नावाच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. त्याची सुरुवातीची कमाई नायजेरियासाठी काढलेल्या 'पॉवरमन' या वीराच्या कॉमिक्सवर झाली. 1975 च्या सुमारास तो आणि डेव्ह गिबन्स आळीपाळीने त्याचे भाग काढत, लंडनमध्ये काढलेले पान आफ्रिकेत वाचले जाई. मुळीकांचे पुण्यात काढलेले पान बिहारमध्ये वाचले जाण्याशी याचे साम्य मला फार जवळचे वाटते. पुढे बोलंडने 'जज ड्रेड' काढला, अमेरिकन कंपनीसाठी 'कॅमेलॉट 3000' केले आणि 1988 मध्ये ॲलन मूरच्या कथेवर 'द किलिंग जोक'. त्या पुस्तकाचे रंग जॉन हिगिन्सने दिले होते आणि ते बोलंडच्या मनातले नव्हते. 2008 मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकाने बोलंडकडून सगळे पुस्तक पुन्हा रंगवून घेतले. वीस वर्षांनी चित्रकाराला स्वतःच्या पानाकडे परत जाऊन ते हवे तसे करता आले. भारतात असे घडल्याचे मला माहीत नाही. 'नागराज' आणि 'द किलिंग जोक' यांच्यात फक्त दोन वर्षांचे अंतर आहे.

आपल्या कायद्यात मात्र यासाठी जागा आहे. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम 57 सांगते की चित्राचे हक्क विकले तरी ते चित्र माझे आहे असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार राहतो. त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर दाद मागता येते. हे कलम शिल्पकारांनी, चित्रपटकारांनी न्यायालयात वापरले आहे. कॉमिक्सचे चित्रकार त्या वाटेला गेलेले दिसत नाहीत. पानामागे पैसे मिळणाऱ्या माणसाने पुढच्या महिन्याचे काम देणाऱ्याशी भांडायचे कसे, हा व्यवहाराचा प्रश्न आहे.

वाईरकरांच्या बाबतीत निदान एक गोष्ट समाधानाची घडली. 1980 मध्ये 'टिंकल' हे मुलांचे मासिक निघाले. त्रिचीच्या एका वाचकाने तमिळ लोककथांतल्या एका भोळ्या नोकराच्या गोष्टी पाठवल्या, त्यातून 1983 मध्ये सुपंडी आला. त्याचे ते चमत्कारिक आकाराचे डोके, पुढे आलेला केसांचा झुपका आणि निर्मळ चेहरा वाईरकरांनी दिला. त्याच सुमारास वसंत हळबे यांच्या चित्रांतून शिकारी शंभू आला, प्रदीप साठे यांनी कालिया कावळा काढला. एकाच मासिकात एवढी मराठी माणसे! 2003 मध्ये वाईरकर गेले. सुपंडी काढायचे काम त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर यांनी पुढे नेले. मुलीच्या हातात वडिलांचे पात्र आले आणि रेषेची ओळख टिकली. मुळीकांच्या घरात चित्रकला टिकली, नागराज मात्र दुसऱ्यांकडे गेला.

पैठणच्या जुन्या चित्रकथींची आठवण इथे काढली पाहिजे. कागदावर ठसठशीत रंगांत रंगवलेली, मोठ्या डोळ्यांची, रामायण-महाभारताची चित्रे, आणि ती एकामागून एक दाखवत गोष्ट सांगणारा चित्रकथी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात यांतली काही पाहायला मिळतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही परंपरा जिवंत ठेवली, आणि तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे चित्रांच्या मालिकेतून गोष्ट सांगणे ही या मुलखाची जुनी विद्या. औंढ्याच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर थरावर थर कोरलेली शिल्पे बघत प्रदक्षिणा घालणारा माणूसही एका परीने चौकटी वाचतच चालतो. मराठी चित्रकलेचे इतिहास लिहिणारे रविवर्म्याच्या छापखान्यापासून दलालांच्या मुखपृष्ठांपर्यंत येतात, जे. जे. च्या प्राध्यापकांची नावे घेतात. त्यात प्रताप मुळीक आणि राम वाईरकर यांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे. लाखो मुलांनी ज्यांची चित्रे पोटाशी धरून वाचली, त्यांना कलेच्या इतिहासाबाहेर ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.

हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. रामलीला मैदानावर रामलीला होते, शेजारी प्रदर्शन भरते, आसपासच्या जिल्ह्यांतून माणसे येतात. तिथे पाळणे आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत एका तंबूत जुन्या अमर चित्र कथा, 'सुप्रीमो' आणि राज कॉमिक्सची पाने मोठी करून लावता येतील. संग्राहकांकडे प्रती आहेत, प्रकाशकांची परवानगी घेता येईल, जिल्ह्यातले कलाशिक्षक मांडणी करू शकतील. प्रत्येक पानाखाली कथा कोणाची, रेषा कोणाची, अक्षरे कोणाची, रंग कोणाचे हे ठळक लिहायचे. इंटरमिजिएटला बसलेल्या पोरापोरींना पेन-कागद देऊन समोरच्या गर्दीची स्केचेस करायला बसवायचे. त्यांतली कोणी पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात जाईल, कोणी मोबाइलवर बोटाने चित्रकथा काढू लागेल. आजच्या मुलांना प्रकाशकाची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या पानावर स्वतःचे नाव कुठे आणि किती मोठे टाकायचे, हे तीच ठरवतील.